इसबगोल आणि माझे मोदक

डॉक्टरीणबाईंनी साखर काठावर आलीय म्हणून सांगितलं आणि बिबवेवाडीच्या आमच्या घरात माझ्यावर पहारा बसला. दुपारच्या चहाच्या वेळी मला गोड लागतंच, त्यात लपवायचं काय? लाडू नसला तर गूळ, गूळ नसला तर नातवाचं बिस्किट. सूनबाईंनी सगळे डबे माळ्यावर टाकले. तेही मी सोसलं. पण एकदा जेवताना मुलगा म्हणाला, "आई, यंदा गणपतीला मोदक विकतचे आणू. करता करता तूच निम्मं सारण खाशील."

अहो, नैवेद्याचं सारण! या घरात आल्यापासून मोदक मीच करते आणि देवाला दाखवण्याआधी कधी कणभर जिभेवर ठेवलेलं नाही. आणि पोटच्या पोरानं असं बोलावं?

"मोदक मीच करणार," मी म्हटलं. "तोवर गोड बंद. पण आधी डबे खाली काढा."

डॉक्टरीणबाईंनाच उपाय विचारला. म्हणाल्या, चहाच्या आधी पाण्यातून इसबगोल घेऊन बघा, पोट भरल्यासारखं वाटेल. पाणी मात्र भरपूर प्या. औषधाच्या दुकानदारानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गोडाची इच्छा जाते असं पुड्यावर लिहिलेलं नाही."

"माझ्याबद्दलही काही लिहिलेलं नाही. द्या."

ढवळलं की लगेच प्यायचं असतं ते. पहिल्याच दिवशी मी फोनवर बोलत बसले आणि पेल्यात खळ तयार! आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "पोस्टरं चिकटवायचीत का?" शेजारीण गॅलरीतून म्हणाली, "पोटाची तक्रार का हो, काकू?"

"पोटाची नाही, घरच्यांची."

हाव पार गेली असं मी म्हणणार नाही. पण पोट भरलेलं असलं की तिचा आवाज बसतो. चहाबरोबर मूठभर फुटाणे पुरायला लागले आणि डबे ओट्यावर असूनही माझा हात तिकडे गेला नाही.

चतुर्थीला मोदक मीच वळले. नैवेद्य झाला, पानं मांडली. मुलगा वाढत होता. माझ्या पानात त्यानं अर्धाच मोदक ठेवला. मी त्याच्या हातातल्या ताटातला अख्खा उचलला, फोडला, वर तूप घेतलं.

"आई..."

"डॉक्टरीणबाईंना विचारलंय, एक चालतो. आणि माझा एक मोजतोस, तर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या किती संपवलेस तेही सांग सगळ्यांना."

सूनबाई खुदकन हसल्या. तो पुढच्या पानाकडे वळला. मी मोदक सावकाश खाल्ला, कुणाकडेही न बघता.