एक्सेलमध्ये द्या!

आमच्या ऑफिसात किस्से कुणी जमवत नाही, ते आपले आपण साठतात. गावोगावी नळाचं पाणी पोचवायचं काम घेतलेली कंपनी, धाराशिवला ऑफिस, आणि कुठलं काम कुठवर आलं ते दाखवणारं महागडं सॉफ्टवेअर. आणखी काय पाहिजे?

सॉफ्टवेअर आलं त्या दिवशी साहेबांनी पेढे वाटले. रंगीत आलेख डोळे भरून पाहिले. मग म्हणाले, "लई भारी! आता हेच सगळं मला एक्सेलमध्ये द्या."

*

हातानं उतरवायला दोन दिवस जायचे. शेवटी मी कॉम्प्युटरलाच कामाला लावणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाइप करायची, एंटर मारायचं, फाइल तयार!

पहिल्यांदा चालवली तेव्हा साहेब मागं उभे होते. पांढरी अक्षरं भराभरा पळताना दिसली आणि त्यांनी थेट वायरच उपटली.

"व्हायरस हाय मॅडम! बरं झालं, मी होतो म्हणून!"

*

दुसऱ्यांदा वायर शाबूत राहिली. अर्ध्या मिनिटात फाइल! साहेब गंभीर झाले. "इतक्या घाईत केलेलं काम बरोबर कसं असंल?"

तेव्हापासून मी सोमवारी फाइल काढते आणि बुधवारी देते. साहेब म्हणतात, "आता कसं, मन लावून केलंय!"

*

एकदा स्क्रिप्टनं तारखांत दिवस आणि महिन्याची अदलाबदल केली. एका गावात टाकी आधी बांधून झाली, पाया नंतर खोदला! मी धावत साहेबांकडं गेले. पण फाइल वर गेली होती, आणि वरून शाबासकीही आली होती: मुदतीआधी काम!

"साहेब, दुरुस्त करून पाठवू?"

"येड्या झालात का? शाबासकी कुणी दुरुस्त करतं व्हय?"

*

तामलवाडीकडची कामं सलीमभाई बघतात. खोदाई असो नाहीतर पाइप, त्यांचं सगळं नव्वद टक्के. तीन महिने नव्वदच! मला वाटलं, स्क्रिप्टच बिघडली. फोन लावला.

"स्क्रिप्ट बराबर हाय मॅडम. ऐंशी लिवलं तर साहेब फोनवर ओरडतात. शंभर लिवलं तर बघायला येतात. नव्वदला सुकून हाय!"

*

एका दुपारी उमरग्याकडच्या एका गावच्या सरपंचबाई एसटीनं आल्या. साठीच्या असतील. साहेब बाहेर गेलेले. "आमच्या गावाला पाणी कधी येणार?" एवढंच विचारलं.

मी स्क्रिप्ट चालवली, प्रिंट काढली. गावाचं नाव, नळजोडणी, आणि पुढं हिरव्या रंगात 'पूर्ण'.

"बाई, तुमच्याकडं तर पाणी आलंय!" माझ्या तोंडून निघून गेलं. लगेच जीभ चावली.

बाईंनी चष्मा लावला. ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं. चिडल्या नाहीत.

"हिथं आलंय व्हय?"

"हो... म्हणजे, कागदावर."

"मग असं करू पोरी. तू ये आमच्या गावात ऱ्हायाला. आमी समदे जातो ह्या कागदात."