चौकाच्या मध्ये उभं राहायला जागा

रेल्वेतून निवृत्त झाल्यावरही बाबांनी सायकल सोडली नाही. भाजी, औषधं, पोस्ट, सगळं सायकलवरच. शंकर नगरकडे जाताना लागणाऱ्या चौकात एका सकाळी डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या मागच्या चाकाखाली ते आले. ट्रक भनपुरीच्या कारखान्यांकडे निघालेला. बाबांसाठी सिग्नल हिरवा होता, पण डावीकडे वळणाऱ्यांना त्या चौकात कधी थांबावंच लागत नसे. दवाखान्यात पोहोचण्याआधीच ते गेले.

आमचं बुद्धविहार चौकाच्या पलीकडे. आई रोज संध्याकाळी वंदनेला जायची, ते बंद झालं. घरातच मेणबत्ती लावून बसू लागली. माझ्या डोक्यात मात्र वकील, कोर्ट आणि त्या ड्रायव्हरची शिक्षा, दुसरं काही नव्हतं. एके दिवशी मी फोनवर तेच बोलत होतो. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "तो जेलात गेला तं मी पलीकडे जाऊ शकतो का रे? मले तो रस्ता पार करता आला पाहिजे. तू तेवढं पाय."

मग चौक सुधारून द्या असा हिंदीत अर्ज लिहून मी फिरू लागलो. या साहेबाकडून त्या साहेबाकडे. बऱ्याच महिन्यांनी एक तरुण इंजिनियर पाहणीला आली. तिने टेप लावून मापं घेतली, फोटो काढले आणि माझ्यासोबत आलेल्या आईला म्हणाली, "सिग्नल तो है, आंटी. टाइम थोड़ा बढ़ा देंगे."

आईने तिचा हात धरला. "मेरे संग चलो बेटी. मुझे उस पार जाना है."

आईचे गुडघे दुखायचे. दोघी अर्ध्यावर पोहोचल्या आणि सिग्नल बदलला. दोन्ही बाजूंनी गाड्या सुटल्या. एक बस इतकी जवळून गेली की त्या मुलीची ओढणी उडाली. तिने आईला दोन्ही हातांनी कवटाळलं. मी अलीकडच्या बाजूलाच अडकलो होतो. हॉर्नच्या गोंगाटात मला फक्त आईचं पांढरं पातळ दिसत होतं. पुन्हा गाड्या थांबल्या तेव्हा त्या पलीकडे गेल्या. मी पोहोचलो तर ती मुलगी एका दुकानाच्या पायरीवर बसली होती. तिने ओढणी सावरली. मग हळूच विचारलं, "अंकल यहीं पर...?"

"हव," आई म्हणाली.

चौकाचा नवा नकाशा तिनेच काढला. पण कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला आडवा आला. फुटपाथ पुढे सरकला की गिऱ्हाइकं गाड्या कुठे लावणार, असं त्याचं म्हणणं. मला त्याच्याशी भांडता येईना. त्या सकाळी बाबांना रस्त्यावरून उचलून ऑटोत घालणारा तोच होता. शेवटी आईच त्याच्या दुकानात गेली.

"भैया, उस दिन आपने उठाया था. अब किसी को उठाना न पड़े, इतना ही चाहिए."

त्याने तिला पाणी दिलं. हो म्हणाला नाही, पण पुढे अडवलंही नाही.

काम रेंगाळत झालं. कोपरा पुढे आणून वळण अरुंद केलं, त्यामुळे ट्रकला वेग कमी केल्याशिवाय वळताच येत नाही. डावीकडे वळणाऱ्यांनाही लाल दिवा लागला. सायकलींसाठी कडेला वेगळी पट्टी आणि रस्त्याच्या मध्ये थांबण्यासाठी उंच ओटा.

काम संपल्यावर आईला घेऊन गेलो. अर्ध्यावर सिग्नल बदलला. आम्ही ओट्यावर थांबलो. दोन्हीकडून गाड्या जात होत्या, आई खांबाला धरून उभी होती. जिथे बाबा पडले त्या कोपऱ्याकडे ती बघत राहिली.

"तुह्या बाबाले एवढीशीच जागा पाहिजे होती," ती म्हणाली.

गाड्या थांबल्या, तसे आम्ही पुढे निघालो.

सायकलच्या पट्टीवर अजूनही स्कूटर लावतात. ऑफिसला जाताना दिसल्या की मी उतरून त्या काढायला सांगतो. कुणी काढतं, कुणी मान फिरवतं.