सागाच्या पलंगाखाली

किस्से सांगायला बसलो की आमचे गावंडे सर आपोआप पुढे येतात, त्याला मी काय करू? साठ सालाच्या आसपास ते यवतमाळच्या कॉलेजात बॉटनी शिकवायचे. मी त्यांचा डेमॉन्स्ट्रेटर. लाकूड सडवणाऱ्या अळंब्यांवर त्यांचा भारी जीव.

*

त्यातली एक लाडकी. टोपीवर खवले, खालच्या पात्यांची कड करवतीसारखी, वास बडीशेपेचा. सर वर्गात लिहून द्यायचे, "देवदार, पाइन अशा पहाडी लाकडावरच येते. सागावर कधीच नाही."

एका पोराने विचारलं, "सर, आपल्या इकडं तर सागच साग. मंग हे कायले शिकून राह्यलो आम्ही?"

"परीक्षेत येते," सर म्हणाले.

*

लॅबमधला नमुना बाहेरून मागवलेला, बाटलीत पार लिबलिबीत झालेला. आयुष्यात एकदा तरी ही अळंबी स्वतःच्या हाताने तोडायची आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर आपलं नाव लावायचं, एवढीच सरांची इच्छा. म्हणून पावसाळ्यात ते लोहाऱ्याला हाजीभाईंच्या लाकडाच्या टालावर जाऊन बाहेरून आलेल्या पहाडी लाकडाचा एकेक ओंडका हुंगायचे.

हाजीभाईंनी शेवटी हात जोडले. "सरजी, चाय प्या, बसा. पण गिऱ्हाईकासमोर माल हुंगू नका."

तेव्हापासून सर नाकाला रुमाल लावून, सर्दी झाल्यासारखं दाखवत हुंगायचे.

*

एकदा ऐन पावसात सरांनी मला घरी बोलावलं. केळापूरहून त्यांचे सासरेबुवा आलेले. लग्नात त्यांनी दिलेला पलंग मोरीला लागून, ओलीत. ऐपत नसताना बाबांनी सागवानी पलंग दिला, हे गावंडे वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

सर पलंगाखाली आडवे होते. मीही शिरलो. मागच्या पायाला अळंबी! खवले होते, करवत होती. हुंगलं, तर बडीशेप.

"सर, सापडली," मी कुजबुजलो. "म्हणजे सुतारानं तुमच्या सासऱ्यांच्या गळ्यात पहाडी लाकूड मारलं."

सरांनी पुढे केलेला हात थांबला. नाव लावायचं तर लाकूड कोणतं, कुठलं, तेही लिहावं लागणार होतं.

वरून सासरेबुवांनी पलंगावर थाप मारली. "काय पाहून राह्यले जावईबुवा? अस्सल साग हाये."

दारात वहिनी चहा घेऊन उभ्या.

"तेच दाखवून राह्यलो याले," सर खालून म्हणाले. अळंबी तोडून त्यांनी खिशात घातली. कॉलेजच्या कपाटात ती कधी आली नाही.

*

पुढच्या वर्षी पुन्हा तोच धडा. सरांनी खडू खाली ठेवला आणि सावकाश लिहून दिलं, "देवदार, पाइन अशा पहाडी लाकडावर येते. क्वचित सागावरही."