खडूची जीप

ती घटना आजही आठवते, पण तिच्याआधी मला बाई आठवतात. म्हणून आधी बाईंचं सांगतो, गुन्ह्याचं मागाहून.

कुंभार पिंपळगावच्या बाजूला एका गावात बाई पहिली-दुसरीला शिकवायच्या. बौद्ध घरातल्या, त्या गावात शिकून मास्तरीण झालेल्या पहिल्याच. भेटल्या की 'जय भीम' म्हणायच्या. सुरुवातीला मी 'नमस्कार' म्हणायचो, पुढं मीही 'जय भीम' म्हणायला लागलो. त्यांच्याशिवाय हा गुन्हा उघड झाला नसता, आणि एक निरपराध माणूस आमच्या कोठडीतून थेट जेलात गेला असता. नावं कुणाचीच लिहीत नाही. बाईंचं लिहावंसं वाटतं, पण त्यांना विचारलेलं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. जालना जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आमचा भाग औरंगाबादमध्ये मोडायचा. मी तळकोकणातला. सहावीत शाळा सुटली ती सुटलीच. उंची आणि छाती भरली म्हणून पोलिसात घेतलं आणि इतक्या लांब टाकलं. समुद्र नाही, मासे नाहीत, बोली वेगळी. सगळ्यात जास्त भीती लिहायची. पंचनामा लिहायला घेतला की हाताला घाम सुटायचा. चूक झाली तर साहेब सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे.

बाजाराच्या दोन दिवस आधीची सकाळ. एका ट्रक ड्रायव्हरनं पाच वर्षांच्या मुलीला उचलून सरकारी दवाखान्यात आणलं. डोकं फुटलेलं, उजवा हात मोडलेला, शुद्ध नाही. तिला इथं चिमणी म्हणतो. वस्तीवरून शाळेत येणाऱ्या आठ लेकरांतली ती सगळ्यात लहान.

ड्रायव्हर परमुलखातला, सरकीची पोती घेऊन चाललेला. "साब, बच्ची रस्ते पे पड़ी थी. मैंने उठाया," एवढंच तो सांगत होता. बाहेर शंभर माणसं जमलेली. "उचललं कशाला, मारलं म्हणूनच ना!" कुणीतरी ओरडलं आणि ट्रकची काच फुटली. फौजदार साहेबांनी त्याला कोठडीत घातलं, थोडं त्याला वाचवायला म्हणून आणि थोडं गुन्हा उरकायला म्हणून. भरधाव वाहन चालवून गंभीर दुखापत. आरोपी हजर, वाहन हजर. राहिला फक्त जागेचा पंचनामा, तो मी लिहिला.

जागा नाल्याच्या उताराची. ट्रकच्या ब्रेकची खूण कुठं दिसली नाही. चिमणीची दप्तराची पिशवी मात्र रस्त्यावर झुकलेल्या बाभळीच्या फांदीला अडकली होती. काढताना मला हात छातीइतका वर न्यावा लागला. मनात आलं, एवढीशी पोर, पायी चालताना तिची पिशवी इतक्या वर अडकेल कशी? पण जमादारांनी पहिल्या ओळीतच ट्रक लिहून टाकला होता. मी 'एक पिशवी मिळून आली' एवढंच लिहिलं. किती उंचीवर, ते लिहिलं नाही.

बाजाराच्या दिवशी खबर आली ती आमच्या दूधवाल्याकडून. मापानं दूध ओतता ओतता तो म्हणाला, "हवालदार, मामाची जीप दोन दिस झाले निघालीच न्हाई. बाजाराच्या दिवशी घरी बसलेला जीपवाला कधी पाह्यला का तुम्ही?"

मामा म्हणजे चिमणीचा सख्खा मामा. मिलिटरीतून लिलावात निघालेली जुनी जीप त्यानं घेतली होती. वर ताडपत्री, बाजूला दरवाजे नाहीत. रोज सकाळी आधी वस्तीवरची लेकरं शाळेपाशी सोडायचा, मग गावातून सवाऱ्या भरून निघायचा.

साहेबांनी त्याला ठाण्यात बोलावलं.

"त्या दिवशी गाडीत किती होते?"

"पाच सवाऱ्या, सायेब. पाच बसल्या, पाच उतरल्या. बिलकुल बराबर. विचारा कुनालाबी."

विचारलं. पाची जणांनी पाचच सांगितलं.

"आणि पोरं?" मी मधेच बोललो.

मामानं माझ्याकडं पाहिलं. "पोरं कुठं सवारी असत्यात? त्या दिशी पायीच गेल्ते ते."

साहेब म्हणाले, "झालं समाधान?" पण मामा बोलताना सारखा उपरण्यानं तळहात पुसत होता. पंचनामा लिहिताना माझं तेच व्हायचं, म्हणून मला ते कळलं.

मी शाळेत गेलो. खाकी पाहिल्याबरोबर सात लेकरं भिंतीला चिकटली. एक बारका तर रडायलाच लागला. मामानं त्यांना सांगून ठेवलं होतं, बोललात तर पोलीस धरून नेतील. बाईंनी मला बाहेर नेलं.

"तुम्हाला काय वाटतं ते सांगा आधी."

मी पिशवीचं सांगितलं.

"मंग लिहिलं का न्हाई?"

"बाई, माझं शिक्षण सहावी. जमादारांच्या वर मी काय लिहिणार?"

"सहावीतल्याला काय डोळे नसतेत?" बाई चिडल्याच. "आता टोपी काढा, चपला काढा अन् मागं पोरांत जाऊन बसा. आवाज करायचा न्हाई."

मी बसलो. बाईंनी खडू घेतला आणि फरशीवर मोठी जीप काढली. पुढची सीट, मागची दोन बाकडी, चाकं, भोंगासुद्धा. मग हात झटकून म्हणाल्या, "चला रे, आपल्याला फिरायला जायचंय. रोज जसे बसता तसे बसा."

लेकरं आधी लाजली. मग एकानं तोंडानं घुर्र केलं आणि सगळी धावली. ढकलाढकली, "ही माझी जागा हाय, सरक की!" घडीभरात सातही जण बसले. मागं पाच, पुढं दोन. आणि पुढच्या सीटवर डाव्या कडेला, जिथं दरवाजा असायला हवा, तिथं एक जागा मोकळी. दाटीवाटीनं एकमेकांच्या मांडीवर बसली होती पोरं, पण त्या जागेत कुणी सरकेना.

"हितं कुनी का बसंना?" बाईंनी हळूच विचारलं.

मघाशी रडणारा बारका म्हणाला, "ती चिमनीची हाय."

"कडेला का बसायची ती?"

"वारं लागतं म्हनून. मामा लाडानं बसू द्यायचा. नाल्यात गाडी उडली, मंग ती न्हवती."

मी वळून पाहिलं. दारात मामा उभा होता. बहिणीसाठी दवाखान्यात भाकरी घेऊन निघालेला, आमची सायकल शाळेपाशी पाहून थांबलेला. तो उंबऱ्यावरच बसला आणि कपाळ बडवायला लागला. "शाळेपाशी आलो तवा कळलं हो बाई. वापस गेल्तो मी. ट्रकवाला उचलून राह्यला होता तिला. भ्यालो, पळालो, सवाऱ्या भरून तसाच निघून गेलो. तिच्या मायला काय सांगू?"

मी टोपी घातली आणि त्याला घेऊन ठाण्यात गेलो. पुरवणी पंचनामा त्याच दुपारी लिहिला, पिशवीच्या उंचीसकट. बाईंनी तो पाहिला, चार ऱ्हस्व-दीर्घ सांगितले आणि म्हणाल्या, "बाकी बराबर हाय." साहेबांनी तो मोठ्यानं वाचला, पण या वेळी कुणी हसलं नाही. ट्रकवाला सुटला. जाण्याआधी तो दवाखान्यात गेला. चिमणीनं आदल्या संध्याकाळीच डोळे उघडले होते. तिच्या आईनं त्याचे पाय धरले तेव्हा तो लहान पोरासारखा रडला.

मामानं कोर्टात गुन्हा कबूल केला आणि दंड भरून सुटला. पण बाईंचं समाधान नव्हतं. "मामा सुधरल. उद्या दुसरा जीपवाला लाडानं कडेला बसवीलच की. मोठ्यांना सांगून कळत न्हाई, लेकरांनाच शिकवावं लागतं."

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी नवारीच्या जाड सुती पट्ट्यांचे फास करून आणले. लोहारानं जीपच्या सीटमागं लोखंडी दांडी ठोकून दिली. नवार दांडीतून घ्यायची, पोराच्या कमरेवरून आवळायची, पुढं गाठ. आपटी खाताना आधार राहील आणि ओढल्याबरोबर सुटेल, अशी गाठ बाईंनीच बसवली. गाडीतले पट्टे मी तोवर पाहिलेसुद्धा नव्हते. वर्गात त्यांनी दोन चिंध्यांच्या बाहुल्या पाटावर ठेवल्या, एक बांधलेली, एक मोकळी. दोरीनं पाट ओढायचा आणि गच्चकन थांबवायचा. मोकळी बाहुली दर वेळी तोंडावर पडायची. पोरं आधी हसली. चौथ्या वेळी हसली नाहीत.

मग खडूच्या जीपमध्ये सराव. लहान आत, कडेला कुणी नाही, मांडीवर कुणी नाही, आणि सगळ्यांनी ओरडायचं, "गाठ न्हाई तर गाडी न्हाई!"

एकदा साहेब स्वतः त्या जीपनं निघाले. हाताला प्लास्टर घातलेली चिमणी आत मध्यभागी बसलेली. मामानं चावी फिरवली तशी ती म्हणाली, "थांब. सायबाची गाठ?"

साहेब म्हणाले, "अगं, मी मोठा आहे."

"मंग उतरा," चिमणी म्हणाली.

साहेबांनी गाठ मारली. मी तोंड फिरवून हसलो.

पावसाळ्यानंतर आडवा बैल आला म्हणून तीच जीप नाल्यात कलंडली. मी सायकलवर धापा टाकत पोचलो, मनात नको ते. आठही लेकरं नवारीला लटकलेली, रडत होती, पण गाडीतच होती. एकाची कोपर सोलली, बस.

त्या संध्याकाळी बाईंचे आभार मानायला घरी गेलो. पहिल्यांदाच गेलो. ओसरीत पलंगाचा नुसता सांगाडा उभा होता आणि अंथरूण जमिनीवर. मला कळायला वेळ लागला. फासांसाठी त्यांनी स्वतःच्या पलंगाची नवार उसवली होती. एवढे महिने त्या भुईवर झोपत होत्या.

"बाई, पुढच्या पगाराला नवी नवार आणून देतो," मी म्हणालो.

"द्या की, घाई न्हाई. आधी जिथं जाल तिथल्या लेकरांना गाठ शिकवा."

पगाराच्या आधी बदलीचा हुकूम आला.

नोकरीत पुढं पुष्कळ गुन्हे पाहिले. अपघाताच्या जागी मी पहिला प्रश्न एकच विचारायचो, "गाडीत लहान मूल होतं का, आणि कुठं बसलं होतं?" मोठी माणसं सगळं मोजतात, त्यात मूल सुटतं. पाच सवाऱ्या खऱ्याच होत्या. ज्या ज्या गावी गेलो तिथल्या शाळेत फरशीवर जीप काढली. माझी जीप बैलगाडीसारखी दिसते असं पोरं म्हणायची.

आता मुलाच्या मोटारीत नातीसाठी वेगळी खुर्ची आहे, पट्ट्याची. पट्टा लागल्याचा आवाज आला की ती मला म्हणते, "आजोबा, तुमचा?"

बाई आता घनसावंगीला मुलाकडे असतात असं कळलं. थकल्यात, पण ओळखतात. बाई, नवार घेऊन येतोय. नातीला सोबत आणतो, पलंग मी स्वतः विणीन. तोवर भुईवर झोपू नका.