न उघडलेले डबे

कोड लिहायच्या एडिटरने त्या दिवसांत माझं डोकं फिरवलं होतं. तो उघडला की मदतीची साधनं आपोआप सुरू करायचा, प्रत्येक साधन एका वेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे आपल्यापुरत्या बंद कप्प्यात. एडिटर बंद केला की कंटेनर थांबायचा, पण जायचा नाही. आतल्या सगळ्यासकट तिथेच पडून. पुढच्या वेळी पुन्हा नवा. आईला हे समजावताना माझ्या तोंडून ‘डबा’ निघालं, आणि मलकपेठच्या शेजारणींना ती सांगू लागली, “पोरगी कम्प्युटरात डबे साचवती.”

त्यातलं एक साधन मी बाबांसाठी बनवलं होतं. बाबा नारायणगुड्याच्या एका शाळेत मराठी शिकवायचे. आता त्यांचा हात थरथरतो, शब्दही लवकर सापडत नाहीत. आपल्या गावची, उर्दू मिसळलेली मराठी कुठे लिहिलेलीच नाही आणि पुण्याहून आलेले तिला हसतात, याचा त्यांना भारी संताप. म्हणून दर रविवारी चहा झाला की ते शब्द सांगायचे आणि मी टाइप करायची. शब्द जपून ठेवणं साधनाचं काम.

एका रविवारी लॅपटॉपवर जागा संपल्याची सूचना आली. बघते तर थांबलेल्या डब्यांची ही लांबलचक यादी! मी चिडले. एकच आज्ञा दिली, सगळे साफ. काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात बाबा म्हणाले, “पहिल्या रविवारचे वाचून दाखव की जरा.”

शब्दांची यादी रिकामी होती.

शब्द बाहेर डिस्कवर साठतात असं मी धरून चालले होते. त्यासाठी लागणारी कोडची एक ओळ लिहायचीच राहिली होती. प्रत्येक रविवारचे शब्द त्या रविवारच्या डब्यातच राहिले होते आणि मागचं वाचून बघायची तसदी मी एकदाही घेतली नव्हती. मी एडिटरच्या नावाने बोटं मोडली. पण चूक माझी होती, आणि ते जास्त झोंबत होतं.

आई फ्रिजमधला कालचा डबासुद्धा उघडून, हुंगून मगच घासायला टाकते. तिने दारातूनच विचारलं, “टाकायच्या आधी उघडून बघितलंस का गं?”

मी शब्दांची यादी पुन्हा उघडून बघितली.

“हौ, जाऊ दे. परेशान नक्को होऊ,” बाबा म्हणाले. “पुन्हा सांगतो. लिही.”

मी नवं पान उघडलं. बाबांनी भिंतीकडे बोट केलं.

“ते... धान्य ठेवायचं. घरातच, भिंतीत असायचं बघ. काय म्हणायचो आपण त्याला?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तो शब्द मी ऐकला होता, माझ्या हाताने टाइप केला होता. मला तो आठवला नाही. अजूनही आठवत नाही.