काटा दीडवर

आमच्या समोरच्या काकांच्या तावडीतून आजवर एकही गळती सुटलेली नाही. पाण्याची असो, हवेची असो, तेलातुपाची असो. एखादी गोष्ट जिथे असायला हवी तिथून कमी झाली आणि ती का कमी झाली हे कुणाला सांगता येईना, की काकांचे कान टवकारले म्हणून समजावं. शारजात अल नहदा भागातल्या आमच्या इमारतीत आमच्या दाराच्या बरोबर समोर त्यांचं दार, म्हणून ते समोरचे काका. आता तर खालचा वॉचमनही त्यांना ‘समोरचे काका’ असंच म्हणतो, कारण हे त्यांचं नाव आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. काका दुबईतल्या एका विमा कंपनीत सर्व्हेअर होते. कुठे गोदाम जळलं, कुठे बंदरावर उतरलेला माल भिजला, की तिथे जाऊन हे नुकसान नेमकं कशानं झालं ते शोधायचं, हे त्यांचं काम. बाकीची माणसं संध्याकाळी ऑफिस ऑफिसात ठेवून घरी येतात. काका ते सोबत घेऊन येत आणि ज्याच्या घरी चहाला बसत त्याच्या घरी उघडत.

एकदा ते आमच्याकडे पोहे खात होते. खाता खाता घास तोंडातच ठेवून थांबले आणि म्हणाले, “तुमच्या फ्रिजचं दार नीट लागत नाही. तो दमलाय.” फ्रिज दमतो हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी दारात कागदाचा कपटा धरला, दार लावलं, कपटा अलगद ओढून काढला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मीच तो फ्रिज लबाडीनं त्यांच्या गळ्यात मारणार होतो. एका गणपतीत काकूंचे मोदक उकडताना फुटले. दुसऱ्या कुणी ते मुकाट्यानं तूप घालून खाल्ले असते. काकांनी आरती झाल्याबरोबर चौकशी सुरू केली: पिठी कधीची, पाणी किती, मोदकपात्राचं झाकण कुणी आणि कितीदा उघडलं. काकू शेवटी म्हणाल्या, “मी उघडलं, मीच फोडले, आता मला पोलिसात द्या!” तोवर आम्ही सगळा पुरावा खाऊन टाकला होता.

पण खरं सांगतो, या माणसापुढे मी अनेकदा हात जोडलेले आहेत. माझ्या गाडीच्या एका टायरमधली हवा दर आठवड्याला कमी व्हायची. टायरवाल्यानं दोनदा पंक्चर काढलं आणि “खलास, हबीबी, अब कुछ नहीं होगा” म्हणून छातीवर हात ठेवला. हवा पुन्हा कमी. काकांनी ऐन ऑगस्टात, डांबर मऊ पडलेलं असताना, पार्किंगमध्ये बसकण मारली आणि साबणाचं पाणी घेऊन त्या टायरचा इंच न् इंच तपासला. वॉचमन येऊन म्हणाला, “काका जी, यल्ला, छोड़ो ना, गाड़ी चल तो रही है.” काका मान वर न करता म्हणाले, “चल रही है वो दिखता है. क्यों चल रही है, वो बोलो.” शेवटी रिमच्या कडेला, कुणाच्या स्वप्नातही येणार नाही अशा जागी, मोहरीएवढा एक बुडबुडा आला. घामानं निथळणाऱ्या काकांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो आनंद होता, तो मी लग्नाच्या मांडवात वरबापाच्या चेहऱ्यावरही पाहिलेला नाही.

लग्नाचं नाव निघालंच आहे तर सांगून टाकतो. काकांची एकुलती एक मुलगी याच इमारतीत वाढली, नर्स झाली आणि इंग्लंडात उत्तरेकडच्या एका गावी नोकरीला गेली. तिथे तिनं आपल्या पसंतीच्या मुलाशी लग्न केलं आणि मग घरी कळवलं. मुलगा चांगला होता, आपल्याकडचाच होता, काकूंनी तर फोटो पाहूनच त्याला पसंत करून टाकलं. काका मात्र म्हणाले, “आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार, आणि मला सर्व्हेला बोलावलंच नाही.” त्या दिवसापासून त्यांनी मुलीशी बोलणं टाकलं. पुढे नातू झाला तरी टाकलेलंच. काकू रोज स्वयंपाकघरात मोबाईल डब्याला टेकवून लेकीशी गप्पा मारत, आणि त्या वेळी काका हॉलमध्ये टीव्ही बघत. फक्त टीव्हीचा आवाज बंद असे. हे मला माहीत होतं, काकूंना माहीत होतं, आणि मला वाटतं तिकडे मुलीलाही माहीत होतं, कारण ती जरा मोठ्यानं बोलायची.

जानेवारीत तिच्या घरचा बॉयलर बिघडला. इथे थंडी म्हणजे एसी बंद करायचं निमित्त, पण तिकडे घर तापवायला एक यंत्र असतं. ते पाणी गरम करतं आणि तेच तेच पाणी बंद नळ्यांमधून घरभर फिरवतं. त्या पाण्याचा दाब एका काट्यावर दिसतो. बंद वाटेतलं पाणी, ते कमी व्हायचं कारणच नाही. पण दुरुस्ती करून मेकॅनिक गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी काटा खाली आणि घर थंडगार. दुसरा मेकॅनिक आला, एक भाग बदलून गेला, काटा पुन्हा खाली. आता जमीन उचकटून नळ्या बघाव्या लागतील म्हणत होते. आणि घरात वर्षाच्या आतलं मूल, दिवसाढवळ्या लोकरीची टोपी घालून झोपलेलं. काकू हे ऐकून रडवेल्या झाल्या. तेवढ्यात हॉलमधून आवाज आला, “दुरुस्तीनंतर पडतोय, की आधीपासून पडत होता?”

काकू म्हणाल्या, “तुम्हीच विचारा.” काका उठले, चपला घातल्या आणि माझ्या घरी आले. “तुम्ही जरा विचारता का तिला?”

अशा रीतीनं मी दुभाषा झालो. दोन मराठी माणसांमधला, तेही एकमेकांचा आवाज स्वच्छ ऐकू येत असलेल्या. रविवारी दुपारी मी मोबाईल धरून बसायचो, आणि काका कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा बेतानं माझ्या खांद्यामागे.

“विचारा, सकाळी काटा कुठे होता?”

मी तोंड उघडायच्या आत तिकडून उत्तर येई, “दादा, टेल हिम, झिरो पॉइंट फाइव्ह.”

“रात्री किती केला होता?”

“वन पॉइंट फाइव्ह.”

“दीड म्हणावं,” काका माझ्या कानात म्हणत. “दीड हा चांगला शब्द आहे.”

आणि मग त्यांनी, ज्यांनी जन्मात बर्फ पाहिलेला नव्हता, साडेतीन हजार मैलांवरच्या त्या घराचा जो तपास केला त्याला तोड नाही. प्रत्येक नळीच्या जोडाला कोरडा टिश्यू गुंडाळायला लावला. एकही ओला झाला नाही. मग एके दिवशी सगळे बाहेर जाणार होते तेव्हा यंत्राच्या खालचे दोन कॉक बंद करायला सांगितले, म्हणजे घरभरच्या नळ्या एकीकडे आणि यंत्र एकीकडे. संध्याकाळी पाहिलं तर यंत्राचा काटा तरीही पडलेला. “जमीन निर्दोष आहे,” काका म्हणाले. “तिला सांगा, एक फळी उचलायची नाही. चोर यंत्रातच आहे.” मी थक्क झालो. पण मेकॅनिकनं यंत्र उघडलं तर आत ठणठणीत कोरडं. पाणी जातंय, आणि कुठेच जात नाही! काकांनी दाढी करणं सोडलं. जेवताना मध्येच म्हणत, “पाणी काय हवेत विरतं?” पण मला त्यांच्या डोळ्यांत गळतीपेक्षा ती टोपी दिसायची. फोन ठेवताना ते नेहमी एकच प्रश्न शेवटी विचारायला लावत: “घरात किती डिग्री आहे विचारा.”

मग एका दुपारी आम्ही कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियात कडक चहा प्यायला निघालो. इमारतीच्या मागच्या भिंतीवर एसीच्या नळ्यांची रांग आहे. उन्हाळाभर त्या टपटपत असतात, वॉचमन त्यांच्याखाली कॅन लावतो आणि ते पाणी झाडांना घालतो. काका तिथे एकदम थांबले आणि वर बघत राहिले.

“आज या गळत का नाहीयेत?”

“काका, जानेवारी आहे. एसी कोण लावतंय?”

“मग तिच्या भिंतीवरची कशी गळत होती?”

मागच्या रविवारी मुलीनं आईला बर्फ दाखवायला मोबाईल अंगणात नेला होता. तिच्या मागे, भिंतीतून बाहेर आलेल्या एका बारीक तांब्याच्या नळीतून पाणी टपटपत होतं. मी पाहिलं होतं, काकूंनी पाहिलं होतं, आणि ज्यांच्या नजरेतून मोहरीएवढा बुडबुडा सुटत नाही त्या काकांनीही पाहिलं होतं. शारजात आयुष्य गेलेल्या माणसाला भिंतीवरची नळी टपटपताना दिसली की बरंच वाटतं: एसी चालू आहे, सगळं ठीक आहे. मुलगी तर इथेच जन्मलेली. पण त्या बर्फात एसी कुठला?

चहा राहिला. लिफ्टची वाट न बघता काका जिन्यानं धावले, मी धापा टाकत मागे. काकू लेकीशीच बोलत होत्या. काकांनी मोबाईल हिसकावला आणि मला न विचारता, कुणालाच न विचारता, म्हणाले, “बाळा, आधी बाहेर जा. ती भिंतीतली नळी. तिला प्लास्टिकची पिशवी बांध.”

तिकडे दार उघडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “ती? बाबा, ती तर एसीची असते तशी...” आणि स्वतःच थांबली. काकू डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, “काखेत कळसा नि गावाला वळसा!” त्या नळीबद्दल म्हणत होत्या की बापलेकीबद्दल, ते मी विचारलं नाही.

सकाळी पिशवी पाण्यानं भरलेली निघाली. दाब फार वाढला तर जादा पाणी त्या नळीतून बाहेर सोडणारी एक झडप यंत्रात असते. दुरुस्तीच्या वेळी तिच्यात कचरा अडकला होता, म्हणून ती पुरती मिटत नव्हती. झडप बदलली आणि काटा दीडवर जो बसला तो हलेना.

त्यानंतरच्या रविवारी काका माझ्याकडे येऊन नुसते बसून राहिले. केस बंद झाली होती. आता बोलायला कारण कुठलं काढणार? मला त्यांची दया आली आणि रागही आला. एवढा हुशार माणूस, आणि “कशी आहेस” हे दोन शब्द त्याच्या तोंडून निघेनात. तेवढ्यात काकू दारात आल्या. “तुम्हाला बोलावतेय.” मुलीनं कॅमेरा काट्यावर धरला होता. “दीड, बाबा.” काकांनी चष्मा लावून नीट पाहिलं. “दीड. व्यवस्थित आहे.” मग जरा थांबून, “त्याची टोपी काढलीस ना?” ती म्हणाली, “काढली. बघा.” आणि कॅमेरा फिरवला.

पुढे वर्षभर हाच परिपाठ. आधी काटा, मग नातू. मला कुणी बोलावेना, तरी मी सवयीनं जाऊन बसायचो.

या हिवाळ्यात मुलीनं घर बदललं. नव्या घरात विजेचे हीटर आहेत. बॉयलर नाही, काटा नाही. पहिल्या रविवारी फोन लागला. कशानं सुरुवात करायची हे कुणालाच कळेना. एवढ्यात नातू दुडदुडत आला. आजोबा दिसले की त्यांना काहीतरी गोल दाखवायचं असतं, एवढं त्याला पक्कं ठाऊक. त्यानं आपलं खेळण्यातलं प्लास्टिकचं घड्याळ उचललं आणि कॅमेऱ्याला अगदी चिकटवून धरलं.

काकांनी खिशातून चष्मा काढला, पण लावला नाही. हातातच धरून म्हणाले, “दीड. व्यवस्थित आहे.”

त्या घड्याळात दहा वाजून गेले होते.