रस्त्यातला म्हसोबा

खून, दरोडे पुष्कळ पाहिले आणि त्यातले निम्मे विसरलोही. पण कुपवाडच्या बाजूची ती घटना अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. खरं तर तिच्यात गुन्हा म्हणावा असं फारसं काहीच नव्हतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा सांगलीत फौजदार होतो. कुपवाडला कारखाने येऊ लागले, तशी आसपासच्या शेतांचे प्लॉट पाडायची टूम निघाली. दोन भावांच्या एका शेतात असेच प्लॉट पाडले होते. व्यवहार सगळा धाकट्याचा. थोरला म्हातारा, अंगठा देऊन मोकळा झालेला. नकाशा मंजुरीला गेला होता आणि रस्ते, प्लॉट जागेवर तपासायला नगररचनेचे साहेब येणार होते. नेमक्या त्याच आठवड्यात, एका सकाळी मधल्या रस्त्याच्या आखणीवर शेंदूर फासलेला दगड उभा! म्हसोबा प्रकटला म्हणून ही गर्दी. दुपारपर्यंत नारळांचा ढीग लागला.

दुसऱ्या दिवशी त्यातलाच एक प्लॉट घेतलेली बाई ठाण्यात आली. नवरा पलटणीत, सरहद्दीवर. म्हणाली, "साहेब, देव हलवायचा न्हाई, रस्ता वळवा म्हणत्यात. वळला की माझ्या जाग्यातनंच जातोय. पाया खांदलाय मी. मालक सुट्टीवर आलं की त्यास्नी काय दावू?" ती रडली नाही, पण टेबलाची कड घट्ट धरून उभी होती. मी अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली. दगड उचलावा तर दंगा, न उचलावा तर हिचं घर जातं. मोठा पेच होता.

पोलिसाला खबर ठाण्यात मिळत नाही, चहाच्या टपरीवर मिळते. तिथे एक गडी माझ्या हवालदाराला हसत म्हणाला, "कसला म्हसोबा रं गड्या! त्यो धोंडा परवापातूर थोरल्या आबाच्या गोठ्यात व्हता. त्याच्यावर बसून आबा मिश्री लावायचा!"

माझा संशय लगेच धाकट्यावर गेला. रस्ता बाईच्या बाजूला वळला, की पलीकडचे त्याचे कोपऱ्यावरचे प्लॉट रुंद होणार होते. त्याला बोलावून चांगला फैलावर घेतला. तो घामाघूम झाला, आईची शपथ घेतली, पण हललाच नाही. मग आबाला बसवलं. "आबा, कुणी सांगितलं दगड ठेवायला?" दरडावलं, समजावलं, चहा पाजला. म्हातारा जमिनीकडे बघत बसलेला. आमच्या धंद्यात खोटं बोलणारा परवडतो हो, गप्प बसणारा जीव खातो.

शेवटी पंचनाम्यासाठी त्याला जागेवर घेऊन गेलो. गर्दी पांगली होती. आबाची म्हातारी तेवढी तिथे होती. वाटीतलं दूध ती ओतत होती, पण दगडावर नव्हे, शेजारच्या मातीवर. मी थबकलो. म्हसोबाला नारळ चालतो, कोंबडं चालतं, बोकडही चालतो. दूध कशाला? मीही खेड्यातलाच. तान्हं लेकरू गेलं तर त्याला जाळत नाहीत, आपल्याच रानात पुरतात आणि वर दूध ओततात, हे मी लहानपणी पाहिलं होतं.

शिपायांना चहाला पिटाळलं आणि आबाशेजारी बांधावर बसलो. विचारलं, "आबा, पोरगं का पोरगी?"

म्हातारा हमसून रडायला लागला. "पोरगं, साहेब. पाचवी पुजायच्या आदीच गेलं. परत पाळणा हलला न्हाई. धाकटा तवा लहान, त्याला कायबी ठावं न्हाई. अंगठा मीच दिला, आता कुठल्या तोंडानं नको म्हणू? पर त्या रस्त्यानं टरका जाणार वं..."

पलटणीतल्याच्या बायकोला मी सगळं सांगितलं. तिने डोळे पुसले, पण विचारलं ते बरोबरच विचारलं, "मग माझं घर, साहेब?"

नगररचनेचे साहेब आले तेव्हा त्यांना बाजूला घेऊन मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्यांनी नकाशा उलगडला आणि खुल्या जागेवर बोट ठेवलं. प्रत्येक ले-आउटमध्ये मुलांना खेळायला खुली जागा सोडावी लागते. धाकट्याने ती ओढ्याकाठच्या खड्ड्यात दाखवली होती. साहेब त्याला म्हणाले, "तिथं पोरं खेळणार की बेडकं? खुली जागा इथं मध्ये आणा आणि रस्ता तुमच्या कोपऱ्यातून घ्या." धाकटा तणतणायला लागला. तेवढ्यात आबाने जमलेल्या लोकांपुढे हात जोडून खरं ते सांगून टाकलं. धाकटा खाली बसला, एवढंच म्हणाला, "दादा, कवा बोलला न्हाईस रं."

गुन्हा मी दाखल केला नाही. अर्जावर 'समजूत घालून निकाली' असा शेरा मारला. फायदा कुणाचा ते आधी शोधा, असं आम्हाला शिकवलेलं. त्यानंतर मी कुणाचं काय जाणार आहे तेही विचारू लागलो, आणि पुष्कळ गप्प माणसं बोलती झाली.

पण त्या दिवशी दगडाला हात लावायला कुणी धजेना. शेवटी म्हातारीच पुढे आली. साहेबांना म्हणाली, "हितं पोरं खेळणार न्हवं?"

"होय, आजी."

"मग उचला त्यो दगड. लय वर्सं एकटंच हाय ते."